कर्नाळ्याला पक्षी दिसतात का?

आमच्या दुकानात गल्ल्याच्या मागे खिळ्याला एक दुर्बीण टांगलेली असते. वह्या, कंपास, प्रोजेक्टचे कागद विकणाऱ्या दुकानात दुर्बीण कशाला, असं नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं. मी "कर्नाळ्याला जाते" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "तिथे खरंच पक्षी दिसतात का हो?" परवा एका बाबांनी तोच प्रश्न जरा चिडून विचारला. आदल्या रविवारी बायकोमुलांना घेऊन जाऊन आले होते. "तीन तास पायपीट केली ताई. दोन कावळे आणि एक माकड. माकडाने वेफर्सची पुडी पळवली ती वेगळीच. पक्षी अभयारण्य नाव तरी कशाला ठेवायचं मग?" त्यांच्या मुलाला चार्टपेपर हवा होता, मागे आणखी दोघं खोळंबले होते, म्हणून मी नुसतीच हसले. ते राहून गेलेलं उत्तर आता सावकाश सांगते.

दिसतात. पण ज्या वाटेने आणि ज्या वेळी ते बाबा गेले, तेव्हा मलाही दोन कावळेच दिसले असते.

पनवेलला पेणच्या एसटीत बसलं की पळस्पे मागे पडतं, शिरढोण येतं. शिरढोण म्हणजे वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. तेवढ्यात समोर डोंगरावर अंगठा उभा केल्यासारखा सुळका दिसायला लागतो. तोच कर्नाळा. पनवेलपासून जेमतेम बारा किलोमीटर. मुंबई-गोवा महामार्ग अभयारण्याच्या मधूनच जातो, त्यामुळे एसटीतून उतरलात की एका पावलात जंगल. ट्रकचे हॉर्न मात्र बराच वेळ पाठ सोडत नाहीत. १९६८ साली हे अभयारण्य झालं तेव्हा साडेचार चौरस किलोमीटरही नव्हतं. २००३ मध्ये ते बारा चौरस किलोमीटरच्या थोडं वर गेलं. एका बाजूला पनवेल आणि मुंबई वाढत असताना एवढासा हिरवा तुकडा टिकलाय, याचंच मला जास्त नवल वाटतं.

फाटकावर पिशव्या तपासतात, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतात. लोक तिथे हुज्जत घालतात. घालू नका, बाटली परत दाखवली की पैसे परत मिळतात. आत गेल्यावर बहुतेक सगळे किल्ल्याची वाट धरतात. ती चढाची, मळलेली, आणि रविवारी अकरा वाजता लग्नाच्या वरातीसारखी असते. कोणाच्या तरी खिशात स्पीकर असतोच. वर सुळक्याला आग्या माशांची पोळी असतात. त्या उठल्याच्या आणि लोकांना रुग्णालयात न्यावं लागल्याच्या बातम्या येऊन गेल्यात. म्हणून किल्ल्यावर जायचंच असेल तर अत्तर लावू नका, सिगारेट ओढू नका आणि आरडाओरडा तर अजिबात नको. पण पक्षी बघायला किल्ल्यावर कशाला जायचं? त्यासाठी खाली जंगलात दोन निसर्गवाटा आहेत, हरियाल आणि मोरटाका. हरियाल लहान, मुलाबाळांना झेपणारी. मोरटाका लांब. भरभर चालणारा माणूस ती दोन तासांत संपवतो. मला अर्धा दिवस लागतो, आणि ते वयामुळे नाही.

सुरुवातीची दोन वर्षं मीसुद्धा भरभरच चालायचे. पुस्तक विकत घेतलं होतं, त्याच्या मागे कोऱ्या पानावर यादी केली होती. दिसला पक्षी की खूण, नाही दिसला की पुढे. घरी आले की यांचा पहिला प्रश्न, "आज किती?" जणू दुकानाचा हिशोबच. कधी अकरा, कधी सात. एका सकाळी मोरटाक्याच्या वाटेवर सुटलेल्या दगडावरून पाय घसरला आणि घोटा मुरगळला. फोनला रेंज नाही, मागेपुढे कोणी नाही. लंगडत एका उंबरापाशी गेले आणि बुंध्याला टेकून बसले. सूज उतरेपर्यंत उठायचं नाही, एवढंच ठरवलं.

दहा मिनिटांनी डोक्यावर काहीतरी टपकन पडलं. उंबर. अर्धं कुरतडलेलं, आतून गुलाबी, मधोमध बारीक चिलटासारखा किडा वळवळतोय. उंबराचं फूल कोणी बघितलं नाही म्हणतात ते यासाठी, की फुलं त्या फळाच्या आतच असतात आणि त्यांचं परागीकरण करणारा तो किडाही तिथेच जन्मतो. मान वर केली तर बुंध्यापासून फांद्यांपर्यंत झाड लालबुंद लगडलेलं, आणि सगळं झाड हलतंय. वारा नव्हता. तांबट होते, दोन जातीचे बुलबुल होते, हळद्या होता, कोकिळेची मादी होती. पानांच्या रंगात मिसळून गेलेले हरियाल, म्हणजे हिरवे कबुतर, तर मला आधी दिसलेच नाहीत. एक उडाला तेव्हा त्याचे पिवळेधमक पाय दिसले, मग दुसरा दिसला, मग मोजता मोजता बावीस झाले. महाराष्ट्राचा राज्यपक्षी, दोन वर्षं माझ्या यादीत त्याच्यापुढे खूण नव्हती, आणि तो माझ्या डोक्यावर बसून उंबरं खात होता. राखी धनेशाची जोडीही आली. त्यांची उडण्याची तऱ्हा मला फार आवडते. चार वेळा पंख मारायचे, मग तरंगायचं, पुन्हा चार वेळा, जसं काही चढावर सायकल चालवतायत.

दीड तास बसले होते. घोटा भोपळ्याएवढा झाला होता आणि यादीत सोळा खुणा झाल्या होत्या.

तर त्या बाबांना सांगायचं होतं ते हे. पक्षी शोधायला जाऊ नका, झाड शोधायला जा. कुठलं झाड सध्या काय करतंय एवढं कळलं की पक्ष्यांचा पत्ता कळतो. उंबराचं बरं असतं, सगळी झाडं एकदम फळत नाहीत, एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू, वर्षातून अनेकदा. वाटेवर चिरडलेली उंबरं आणि विष्ठा दिसली की मान वर करायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. तेव्हा पानगळीने जंगल उघडं पडलेलं असतं, पक्ष्याला लपायला जागा नसते. काटेसावरीवर सकाळी आठला मैना, कोतवाल, सूर्यपक्षी यांची जी भांडणं चालतात ती बघायला दुर्बीणही लागत नाही. त्याच दिवसांत कोशिंबाला लाल पालवी येते आणि नवखी माणसं "केवढी फुलं!" म्हणून फोटो काढतात. मीही काढलाय. तो फोटो बरेच दिवस दुकानात लावलेला होता, शेवटी एका शाळेच्या बाईंनी हळूच चूक सांगितली.

हिवाळ्यात मात्र झाडाचं हे गणित चालत नाही. तेव्हा तुम्ही वीस मिनिटं चालता आणि पान हलत नाही. मग एकाएकी सगळीकडून आवाज येतात. निखार नावाचे छोटे पक्षी, राखी आणि केशरी, फांदीवरून फांदीवर, खाली नाचरे, बुंध्यावर सोनपाठी सुतार, एखादा स्वर्गीय नर्तक पांढरी फीत हलवत. आठ-दहा जातींचा तांडा एकत्र निघालेला असतो. एकाने पान हलवलं की किडे उडतात, ते दुसऱ्याला मिळतात. शिवाय शिकऱ्यावर, म्हणजे लहान पक्षी मारणाऱ्या शिकारी पक्ष्यावर, लक्ष ठेवायला डोळेही जास्त. या तांड्यात बहुतेक वेळा भृंगराज असतो, शेपटीच्या दोन तारांना दोन पिसं लोंबकळणारा काळा पक्षी. तो एक नंबरचा नकलाकार. शिकऱ्याची, मोराची, मांजराचीसुद्धा नक्कल करून मी ऐकलीय. चार मिनिटांत तांडा पुढे सरकतो आणि पुन्हा शुकशुकाट. त्या चार मिनिटांत तुम्ही सेल्फी काढत असलात तर मग दोन कावळेच.

मे संपता संपता पावशा ओरडायला लागतो, "पेर्ते व्हा". त्याच सुमारास नवरंग येतो. पिल्लं घालायला आलेला असतो. तो जमिनीवरचा पाचोळा उचकत फिरतो, त्यामुळे झाडावर डोळे लावून बसलेल्यांना दिसत नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ घालतो. ओहोळ वाहायला लागले की शीळकरी कस्तूर सुरू होतो. त्याचं गाणं ऐकून एका काकांनी मला खात्रीने सांगितलं होतं की खाली ओढ्यात कोणीतरी मुलगा शिट्टी मारतोय, आणि तो वाया गेलेला असणार.

पाऊस म्हटलं की तिबोट्या आलाच, आणि इथे मला थोडं कडू बोलायचंय.

तिबोटी खंड्या रायगडचा जिल्हा पक्षी. चिमणीहून लहान, निळा, पिवळा, केशरी, जांभळा, चोच लालभडक. पायाला तीनच बोटं म्हणून तिबोटी. पावसाळ्याच्या तोंडावर तो कोकणात येतो, ओहोळाच्या काठच्या मातीत बीळ खणतो आणि पिल्लांना सरडे, पाली, खेकडे, कोळी भरवतो. एका वर्षी कर्नाळ्याच्या आसपास अशाच एका बिळाचा पत्ता फुटला. मी पोहोचले तेव्हा समोर सात तिपाया मांडलेल्या होत्या. एकाने फोटोच्या आड येतात म्हणून बिळासमोरच्या नेच्याची पानं खुडून टाकली होती. एकाने "बसायला" वाळकी काटकी रोवली होती. मादी चोचीत सापसुरळी धरून शेजारच्या फांदीवर बसलेली. सापसुरळी अजून हलत होती. मी घड्याळ बघितलं. चाळीस मिनिटं ती बसून होती, डोकं वरखाली करत, आणि बिळात शिरत नव्हती. ती सापसुरळी तिने शेवटी स्वतः गिळली. मी त्यांना म्हटलं, जरा मागे व्हा. तर एक जण म्हणाला, "मावशी, तुम्ही तुमचं बघा ना." मोठी लेन्स लावलेला माणूस दुर्बीणवाल्या बाईचं ऐकत नाही, हा माझा अनुभव. मी खाली जाऊन वनखात्याच्या माणसाला सांगितलं, तो आला, तिपाया उठल्या. पण तोवर तिबोट्या बघायची माझी इच्छाच गेली होती. तेव्हापासून घरट्याचा पत्ता कोणी विचारला तर मी सरळ नाही म्हणते. गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

आता खरी गंमत. त्या मादीला मी चाळीस मिनिटं बघितलं खरं, पण तिबोट्याची आणि माझी पहिली भेट कर्नाळ्यात झालीच नव्हती. ती झाली त्याआधी तीन वर्षं, पनवेलमध्ये, आमच्या सोसायटीच्या जिन्यात. जूनचा पहिला आठवडा, रात्रभर धो धो पाऊस. हा पक्षी प्रवास रात्रीच करतो, आणि काचांचा त्याला अंदाज येत नाही. पहाटे दूध घ्यायला दार उघडलं तर दुसऱ्या मजल्याच्या काचेखाली, चपलांच्या स्टँडजवळ, कोणीतरी खेळण्यातली चावी टाकल्यासारखं रंगीत काहीतरी पडलेलं. उचललं. वजन असं नव्हतंच, पंधरा-वीस ग्रॅम, आमच्याकडच्या दोन खोडरबरांएवढं. डोळे अर्धे मिटलेले, छाती मात्र भराभर हलत होती. यांनी माझ्या नव्या चपलांचं खोकं आणलं, त्याला पेनाने भोकं पाडली, तळाला जुनं मऊ फडकं घातलं. पाणी पाजायचं नाही, खायला द्यायचं नाही, सारखं उघडून बघायचं नाही, हे मला वाचून माहीत होतं. शेवटचं सर्वांत अवघड. शेजारच्या वहिनी तीनदा येऊन गेल्या.

दोन तासांनी खोक्यात खडखड सुरू झाली. पाऊस थांबला होता. मागच्या आंब्याकडे तोंड करून गच्चीत झाकण काढलं. तो फडक्यावर नीट उभा होता. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, फडक्यावर शिटला, आणि निळी रेघ ओढल्यासारखा आंब्यातून पार झाला. पूर्वेकडे की पश्चिमेकडे, यावर आमचे दोघांचे आजही मतभेद आहेत.

खोकं अजून दुकानात आहे, सात नंबर, लेडीज. आता त्यात मी खोडरबर ठेवते. पेनाची भोकं बघून मुलं विचारतात, "काकू, यात काय पाळलंय?"