फासळ्यांवरची गाणी

आमच्या सेंटरमध्ये एक्स-रेचं सगळं काम डिजिटल झालं, तरी स्टोअररूममध्ये जुन्या फिल्म्सचे गठ्ठे पडून होते. ठेवायची मुदत संपलेल्या, कोणी न्यायला न आलेल्या. या फिल्मच्या थरात चांदी असते, म्हणून भंगारवाले ती रद्दीच्या भावात नेत नाहीत, चांगले पैसे मोजतात. ते गठ्ठे टेम्पोत चढत होते त्या सकाळी एक काका छातीचा एक्स-रे काढायला आले. वय ऐंशीच्या पुढचं, ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. सोबत नात होती.

एक्स-रे पाच मिनिटांत झाला. काकांचं लक्ष मात्र दारातल्या गठ्ठ्यांकडे. "ताई, यातली एक हातात घेऊ का?" पेशंटचं नाव असलेली फिल्म कोणाला देता येत नाही. मी नावाची पट्टी कापून छातीची एक फिल्म त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "अशाच फासळ्यांवर मी गाणं पाहिलंय. आणि ऐकलंयसुद्धा."

ओझरचा कारखाना 1964 साली मिग-21 विमानांसाठी उभा राहिला हे नाशिककरांना माहीत आहे. त्यासाठी इथली माणसं प्रशिक्षणाला सोव्हिएत संघात जायची. काका सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मॉस्कोत होते. तिथल्या एका फोरमननं त्यांना घरी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर त्यानं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, कपाटातून एक जुना लिफाफा काढला. आत ताटलीएवढी गोल कापलेली एक्स-रे फिल्म होती, मधोमध सिगारेटनं जाळून पाडलेलं भोक. ती त्यानं ग्रामोफोनवर ठेवली. आधी नुसती खरखर, वाळू चाळल्यासारखी. मग त्या खरखरीतून एका पुरुषाचा आवाज. काकांना रशियन कामापुरतं यायचं, गाण्याचे शब्द कळले नाहीत. फोरमन मात्र डोळे मिटून ओठ हलवत होता.

इतकी वर्षं डार्करूममध्ये डेव्हलपर-फिक्सरच्या वासात काढलेल्या मला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री मी वाचत बसले आणि नंतरही वाचत राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघातल्या लेनिनग्राड शहरात एक्स-रे फिल्मवर गाणी कोरून विकण्याचा हा धंदा सुरू झाला. तिथे कोणतं संगीत छापायचं हे सरकार ठरवायचं. पाश्चात्त्य जॅझ, पुढे रॉक अँड रोल, देश सोडून गेलेल्या रशियन गायकांची गाणी, यांतलं काहीच दुकानात मिळत नसे. प्योत्र लेश्चेंको हा असाच लोकांचा लाडका गायक. त्याला 1951 साली रुमानियात अटक झाली आणि 1954 साली तुरुंगाच्या इस्पितळात तो वारला. त्याचा आवाज लेनिनग्राडच्या घराघरांत पोचला तो कोणाच्या तरी बरगड्यांवरून, कोणाच्या तरी कवटीवरून.

आमच्या धंद्यातल्या माणसाला यातलं तंत्र लगेच कळतं. त्या काळच्या फिल्म पटकन पेट घ्यायच्या, त्यामुळे इस्पितळांना त्या साठवायच्या नसत. टाकूनच द्यायच्या, तर थोड्या पैशांत मागल्या दारानं बाहेर पडत. प्लास्टिक असं की सुई रेघ कोरू शकेल, पण रेघ बुजणार नाही. रुस्लान बोगोस्लोव्स्की नावाच्या तरुणानं दुकानातलं ध्वनिमुद्रणाचं यंत्र निरखून पाहिलं आणि स्वतःचं यंत्र बनवलं. एका बाजूलाच गाणं, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या वेगानं, काही वेळा वाजवलं की झिजून संपणारं. 1950 साली त्याला पकडलं. स्टालिन गेल्यावर तो सुटला आणि सुटल्यावर पुन्हा तेच करू लागला, पुन्हा तुरुंगात गेला. 1958 साली तर घरगुती ध्वनिमुद्रिका बनवणं कायद्यानंच बंद केलं.

'गाण्यांनी सोव्हिएत संघ पाडला' असं कोणी म्हटलं की मला ते पटत नाही. रिकामी दुकानं, अफगाणिस्तानातलं युद्ध, कर्ज, हे सगळं होतंच. पण गाण्यानं जे केलं ते दुसऱ्या कशानं झालं नसतं. ती फिल्म विकत घेताना घेणाऱ्याला विकणाऱ्यावर भरवसा ठेवावा लागायचा. ऐकताना ज्याला घरात बोलवायचं त्याच्यावरही. शेजारी चुगली करेल या भीतीवर उभ्या असलेल्या राज्यात लोक असे गुपचूप एकमेकांना पारखत होते, ओळख धरत होते. फोरमननं परदेशी पाहुण्यासमोर लिफाफा उघडला यात केवढा धोका होता, ते काकांना तेव्हा उमगलं नव्हतं. आता सांगताना त्यांचा आवाज कापला.

पुढे टेपरेकॉर्डर आले आणि फासळ्यांची गरज संपली. व्लादिमीर विसोत्स्की या रशियन कवी-गायकाची बहुतेक गाणी अशीच टेपवरून टेपवर उतरवत देशभर गेली. जुलै 1980 मध्ये मॉस्को ऑलिंपिक चालू असताना तो गेला. सरकारी वर्तमानपत्रांत जेमतेम दोन ओळी आल्या, तरी अंत्ययात्रेला हजारो माणसं रस्त्यावर उतरली. आणि तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या एस्टोनियात तर दारं लावून ऐकण्याचा काळच संपला. सप्टेंबर 1988 मध्ये टालिनच्या गानमैदानावर सुमारे तीन लाख लोक एकत्र गायले. देशाची लोकसंख्याच पंधरा लाखांच्या आसपास. ऑगस्ट 1991 मध्ये तो देश स्वतंत्र झाला.

काका त्या दिवशी रिपोर्ट हातात आल्यावरही तासभर बसून होते. आमच्याकडे शिकायला येणारा मुलगा एव्हाना जवळ येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "काका, आता फिल्मच नाही. सगळं सर्व्हरवर." मी त्याला सर्व्हरची दुसरी बाजू सांगितली. आमच्या सिस्टीममध्ये कोणता एक्स-रे कोणी, किती वाजता, कोणत्या कॉम्प्युटरवरून उघडला याची नोंद आपोआप राहते. पेशंटसाठी ते चांगलंच आहे. पण बंदी असलेलं गाणं तसं ऐकायचं म्हटलं तर ऐकणाऱ्यांची यादी सरकारला बसल्या जागी मिळेल. लेनिनग्राडच्या पोलिसांना निदान कोपऱ्याकोपऱ्यावर पाळत ठेवावी लागत होती.

"नाशिकला हे नवीन आहे होय?" काका म्हणाले. मग त्यांनी तिळभांडेश्वर गल्लीची गोष्ट काढली. मित्रमेळा या सावरकर बंधूंच्या क्रांतिकारी मंडळाच्या बैठकांत पायांनी अधू असलेल्या कवी गोविंदांची गाणी म्हटली जायची, पुढे त्या गाण्यांवर बंदी आली. बाबाराव सावरकरांनी कवितांची एक छोटी पुस्तिका छापली, तर 1909 साली त्यांना जन्मठेप झाली आणि पुढे अंदमानला धाडलं. कवितांच्या पुस्तिकेसाठी काळं पाणी! त्या इंग्रज सरकारकडे तोफा होत्या, रेल्वे होती, तारायंत्र होतं. तरी ते नाशिकच्या गल्लीतल्या गाण्यांना किती घाबरलं होतं ते या एका शिक्षेवरून कळतं.

त्या मुलानं विचारलं, "तुम्हाला गोविंदांचं एखादं गाणं येतं?" काकांच्या वडिलांनी लहानपणी म्हणून घेतलेलं एक त्यांना संपूर्ण येत होतं. मुलानं फोन काढला, रेकॉर्डिंग लावलं. काकांनी हातानंच तो खाली ठेवायला लावला आणि म्हणाले, "माझ्या मागं म्हण." वेटिंगमध्ये चार-पाच पेशंट होते. काका एक ओळ म्हणायचे, मुलगा ती परत म्हणायचा, चुकला की काका थांबून पुन्हा सांगायचे. तिसऱ्या कडव्याला भंगारवाल्याचा हमालही दारात टेकून उभा राहिला आणि धृपद आलं की त्यांच्यात आवाज मिसळू लागला.