लाकडी चाकांचं उभं घड्याळ परत चालू केलं, माझा अनुभव

अमेरिकेत कनेक्टिकटला राहायला आल्यापासून इथली जुनी पुरुषभर उंचीची घड्याळं मला वेड लावत होती, शेवटी एका एस्टेट सेलमध्ये, म्हणजे घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे, एक मिळालं. डायलवर आर. व्हायटिंग, विंचेस्टर असं इथल्याच एका जुन्या घड्याळ बनवणाऱ्याचं नाव, म्हणजे साधारण 1820 च्या आसपासचं, केस म्हणजे बाहेरची उभी पेटी पाइनची आणि तिच्यावर महोगनी वाटावं अशा रेषा रंगवलेल्या. आत मात्र पितळ नावालाच, चाकं धरून ठेवणाऱ्या प्लेट्स ओकच्या आणि चाकं चेरीच्या लाकडाची! इथे हे सगळं वाढलं ते एली टेरी या घड्याळ बनवणाऱ्यामुळे, त्याने 1806 मध्ये घड्याळाच्या आतली 4000 लाकडी मशीन बनवायचं कंत्राट घेतलं, पाण्याच्या जोरावर एकसारखे पार्ट कापले आणि साध्या शेतकऱ्याच्या घरात घड्याळ गेलं. फेरीवाले नुसतं मशीन विकायचे, केस लोक गावातल्या सुताराकडून करून घ्यायचे.

माझं बंद होतं कारण एका चाकाचे दोन दात गेलेले आणि आधी कोणीतरी भरपूर तेल ओतलेलं. लाकडी चाकांना तेल घालायचंच नसतं, लाकूड ते पिऊन घेतं, वर धूळ बसून काळा चिकटा होतो. इथल्या एका म्हाताऱ्या कारागिरांनी शेजारी बसवून शिकवलं म्हणून जमलं. सगळं उघडून कोरड्या ब्रशने साफ केलं, मग दातांचं काम. चाक एकाच फळीतून कापलेलं असतं त्यामुळे काही दात लाकडाच्या रेषांना आडवे येतात आणि नेमके तेच तुटतात. म्हणून तुटलेल्या जागी खाच पाडून चेरीचा तुकडा असा बसवायचा की रेषा दाताच्या लांबीत येतील, सरसाने चिकटवायचा आणि शेजारचा दात बघत बघत कानशीने आकार द्यायचा. सरसच का, तर पुढे कोणाला काढायचा झाला तर ऊब आणि ओलाव्याने सुटतो, इपॉक्सी कायमची बसते.

केस पॉलिश करून चकाचक करा असं बऱ्याच जणांनी सुचवलं, मी साफ नाही म्हटलं, ते मूळ रंगकाम एकदा खरवडलं की गेलंच.

लंबक सेकंदाचा, म्हणजे एका झोक्याला एक सेकंद घेणारा, जवळजवळ मीटरभर लांब, त्यामुळे केस जरा कलली तरी टिकटिक लंगडी होते, खाली पातळ पट्ट्या सरकवून ती सारखी केली. डायलवर चावीची भोकं दिसतात पण ती नुसती रंगवलेली, खरी चावी नाहीच, दार उघडून दोऱ्या ओढून वजनं वर घ्यायची. 30 तास चालतं म्हणून रोज रात्री ओढते. टोल अजून मधूनच काट्यांच्या पुढे जातात, तेवढं काम बाकी आहे.