पंच्याऐंशी किलो कुठून काढले

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये २००८ची पेट्रोल स्विफ्ट आली. इंजिन १२९८ सीसी, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेलं मॉडेल. मालक दांडिया बाजारातला, रोज हीच गाडी घेऊन कामाला जाणारा. त्याला हौशी ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे आखलेल्या वळणदार मार्गावर गाडीची वेळ मोजणाऱ्या स्पर्धेत, उतरायचं होतं. इंजिनाला हात लावायचा नाही, फक्त वजन उतरवायचं, आणि सोमवारी सकाळी गाडी पुन्हा रस्त्यावर चालली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मागणी रास्त होती. एकच अट त्यानं घातली, "काका, एसी तेवढा राहू द्या. बडोद्याचा मे काढायचाय मला."

ही अट आम्ही मान्य केली आणि पुढचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

वजन करायला ट्रकचा वजनकाटा उपयोगाचा नाही. तो पाच-दहा किलोंच्या टप्प्यानं आकडा दाखवतो, आणि आपल्याला प्रत्येक चाकाचं वजन वेगळं हवं असतं. त्यासाठी चार चाकांखाली चार पॅड असलेला काटा लागतो. पॅड मांडण्याआधी पाण्याच्या नळीनं चारही जागांची पातळी बघावी लागते, नाहीतर जिथे जमीन पाच-सहा मिलिमीटर खाली तिथला आकडा खोटा येतो. चारही टायरमध्ये ३० पीएसआय हवा, स्टीअरिंग सरळ, हँडब्रेक सोडलेला, पुढच्या अँटीरोल बारची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीची) एका बाजूची लिंक सुटी. मग गाडी दोन्ही टोकांनी दाबून हलवायची, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसतं. टाकीत २० लिटर पेट्रोल, स्टेपनी आणि जॅक जागेवर, आत कोणी नाही, अशा स्थितीत आकडे आले: पुढे डावं ३११, उजवं ३१७, मागे डावं १८९, उजवं १८३. एकूण बरोबर १००० किलो. पुढच्या चाकांवर ६२.८ टक्के.

काढकामाला सुरुवात मागून झाली, कारण मागचं सगळं बोल्ट आणि क्लिपांवर असतं. मागची सीट पाठीसह १९.४ किलो. स्टेपनी १४.२. जॅक-पाना २.९. पार्सल ट्रे १.८. डिकीचं कार्पेट आणि बाजूची प्लॅस्टिकची आवरणं ३.५. प्रत्येक वस्तू लटकवायच्या डिजिटल काट्यावर मोजून तिच्यावर मास्किंग टेपची चिठ्ठी, आणि तिचे बोल्ट वेगळ्या झिपवाल्या पिशवीत. हे सगळं पुन्हा बसवायचं असतं. आरसीवर पाच सीट लिहिलेल्या आहेत, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई करतं. म्हणून जे काढायचं ते परत बसेल असंच काढायचं. दारातल्या आडव्या सळ्या, बंपरमागचा लोखंडी बार, काचा, आरसे, सीटबेल्ट यांना आम्ही हातही लावत नाही. रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा सांगाडा, तोही रोजच्या गाडीत घालत नाही. हेल्मेटशिवाय डोकं उघड्या नळीवर आपटलं तर ती जीव घेते.

आवाज दाबायला पत्र्यावर चिकटवलेले डांबरी पॅड काढणं हे यातलं सर्वांत किचकट काम. हीट गननं ते वितळून पत्राभर पसरतात आणि मग दोन दिवस खरवडत बसावं लागतं. त्यापेक्षा ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, बरा. उणे ७८ अंशाचे तुकडे पॅडवर पसरून वर गोणपाट टाकायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि रबरी हातोडीनं हलकेच ठोकायचं. पॅड कुरडईसारखा तडकतो आणि पत्र्यापासून सुटतो. हे काम सकाळी साडेसहाला घेतलं. ऑक्टोबरच्या दुपारी शेडमध्ये ड्राय आइस पॅड गोठायच्या आधीच उडून जातो. चारही दारं आणि डिकी उघडीच ठेवायची. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, पायाशी साचतो, आणि वाकून काम करणाऱ्याला कळायच्या आत गरगरायला लागतं. चाकाच्या कमानीवर तुकडे टिकत नाहीत, तिथे कापडी पिशवीत भरून हातानं धरावे लागतात. पत्र्यांच्या सांध्यांवरचा सीलर पॅडसारखाच दिसतो, पण तो उखडला की पावसाळ्यात गाडीत पाणी येणार, त्यामुळे सांध्यापासून दोन बोटं अलीकडे थांबायचं. मागून ४.६ आणि मधल्या फ्लोअरवरून ३.१ किलो डांबर निघालं. डाव्या मागच्या पायाशी पॅडखाली रुपयाएवढा गंज होता. तो घासून त्यावर इपॉक्सी प्रायमर मारला.

आतलं कार्पेट आणि त्याखालचा नमदा मिळून ६.२. डावीकडची सीट १५.२. ड्रायव्हरची मूळ सीट १५.६ होती, फायबरची बकेट सीट फ्रेमसह ९.१. इथे एक धोका नेहमी राहून जातो. मूळ सीटबेल्टचं बकल सीटच्याच फ्रेमला असतं, सीट निघाली की तेही जातं. ते गाडीच्या मूळ अँकरवरच, ७/१६ इंची यूएनएफ (इंची मापाच्या बारीक) आट्याच्या कडक बोल्टानं बसवायला हवं. पुष्कळ जण बारा मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट रेटून बसवतात. तो दोन आटे जातो, अडकतो, आणि नटाचे आटे खाऊन टाकतो. बाहेरून मात्र घट्ट दिसतो.

पेट्रोल १० लिटरवर आणलं, म्हणजे आणखी ७.४ किलो. त्याहून खाली जाऊ नये, लांब वळणावर पेट्रोल टाकीच्या एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. मागची सीट गेल्यावर टाकीवरचं पंपाचं झाकण उघडं पडतं, तिथे एक मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा सील करून बसवला. दीड किलो परत आले, पण ते द्यायलाच हवेत. हिशेब मात्र पत्रा बसवण्याआधीचा देतो.

काटा म्हणाला ९१५. पंच्याऐंशी किलो गेले. मालक खूश झाला. आम्हीही.

खरं तर त्याच वेळी थांबायला हवं होतं, कारण पुढे ६११ आणि मागे फक्त ३०४ होते. पुढचा वाटा ६२.८ वरून ६६.८ टक्क्यांवर गेला होता. स्टेपनी मागच्या अॅक्सलच्या साधारण ३५ सेंटीमीटर मागे असते. ती काढली की मागच्या चाकांवरून १४ नाही, १६ किलो जातात, आणि पुढच्या चाकांवर दोन किलो चढतात. तागडीचं मागचं टोक हलकं झालं की पुढचं बसतं, तसंच. मागची उंचीही १६ मिलिमीटरनं वाढली होती आणि गाडी नाक खाली करून उभी होती.

रविवारी एका बंद कारखान्याच्या आवारात, कारखान्याच्या मालकाच्या परवानगीनं, सिमेंटच्या सरळ पट्ट्यावर कोन मांडून चाचणी घेतली. साठच्या वेगात सरळ ब्रेक दोनदा ठीक लागले. तिसऱ्या वेळी ब्रेक दाबतच डावीकडे वळायचं होतं. डावं मागचं चाक जागीच थिजलं, पाठोपाठ उजवं, आणि गाडीची शेपूट बाहेरून गोल फिरून पुढे आली. तीन कोन उडाले, बाकी काही नाही. टायरवर तळहाताएवढा चपटा डाग पडला. मालक खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "काका, मी काही केलं नाही हो, नेहमीसारखाच ब्रेक मारला." तो खरं बोलत होता.

पहिला संशय ड्रमवर गेला. व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल गळून शू (ड्रमला आतून घासणारा भाग) ओला झाला असेल, किंवा डावा अॅडजस्टर जास्त ताणला गेला असेल. दोन्ही ड्रम उघडले. शू कोरडे, फट सारखी, सिलिंडरचं रबर ठीक. मग कागद घेतला. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ५४ सेंटीमीटर, दोन अॅक्सलमधलं अंतर २३९० मिलिमीटर, ड्रायव्हर ७२ किलोचा, आणि जोरदार ब्रेक म्हणजे ०.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट). ब्रेकला भार पुढे सरकतो; मूळ गाडीत अशा ब्रेकला मागच्या दोन चाकांवर साधारण २१७ किलो उरत होते. आता १६५. चौथा हिस्सा भार गेला, आणि मागच्या ड्रमला जाणारा दाब मात्र कंपनीनं जड गाडीसाठी ठरवला होता तोच. चाक थिजणारच. आधी डावं, कारण डावीकडची सीट काढलेली, ड्रायव्हर उजवीकडे, आणि डाव्या वळणावर आतलं चाक तसंही उचललेलं असतं.

मागच्या लाइनवर ब्रेकचा दाब कमी करणारा, अॅडजस्ट होणारा व्हॉल्व्ह लावायचा सल्ला कोणीही देईल. पण पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या लाइन तिरक्या असतात: पुढचं डावं आणि मागचं उजवं एका सर्किटवर. एक व्हॉल्व्ह लावून फक्त एक मागचं चाक ताब्यात येतं, गाडी सरळ रेषेतही ओढायला लागते. रोजच्या गाडीच्या ब्रेकचं पाइपिंग छेडू नये हे माझं ठाम मत आहे.

वजन पुढून काढायला हवं होतं. एसी आता ठेवून चालणार नव्हता. मालकाला कागद दाखवला; तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "काढा." गॅस मशीनमध्ये ओढून घेतला, हवेत सोडला नाही. कंप्रेसर ब्रॅकेटसह ६.७, कंडेन्सर पंख्यासह ४.४, पाइप आणि ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) १.७, एकूण १२.८ किलो. डॅशबोर्डमागचा इव्हॅपोरेटर (हवा गार करणारी जाळी) तसाच ठेवला, त्यासाठी अख्खा डॅश खोलावा लागतो. उघड्या पाइपांना बूच मारले. पुन्हा बसवताना ड्रायर नवीनच लागेल, हे तेव्हाच सांगितलं.

मग बॅटरी. तिचं वजन ९.८ किलो, बॉनेटखाली. लिथियमची अडीच किलोची मिळते, पण ती महाग असते आणि बॉनेटखालची उष्णता तिला सोसत नाही. त्याऐवजी तेवढ्याच वजनाची सीलबंद एजीएम (अॅसिड आतल्या चटईत शोषलेली, न सांडणारी) बॅटरी डिकीत डाव्या कोपऱ्यात, झाकणाच्या पेटीत, खालून पट्टीनं आवळून बसवली. ड्रायव्हरच्या नेमकी तिरपी. ३५ चौरस मिलिमीटरची साडेचार मीटर तांब्याची केबल, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, आणि बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरावर फ्यूज. फ्यूज इंजिनापाशी लावला तर मधली सगळी केबल उघडी राहते. ती कुठे घासली तर आग थेट डिकीत.

पुढचे ब्रेक पॅड बदलले. आधीच्या पॅडच्या कडेवर 'ईई' छापलं होतं, म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५. नवे 'एफएफ', ०.३५ ते ०.४५. पाइपिंगला हात न लावता ब्रेकचा जास्त भाग पुढे सरकवायचा हा सरळ रस्ता. साठवरून दहापर्यंत हलके बारा ब्रेक मारून ते बसवून घेतले.

पुन्हा काटा: पुढे ५८७, मागे ३१७, एकूण ९०४. पुढे ६५ टक्के. ब्रेकखाली मागे जवळपास १८० किलो. त्याच आवारात, त्याच कोनांमध्ये, त्याच वेगात सात फेऱ्या झाल्या. जास्तीत जास्त दाबल्यावर पुढची दोन्ही चाकं आधी घसरली, गाडी वळायची थोडी कमी झाली, पण शेपूट जागेवर राहिली. असंच व्हायला हवं. ड्रायव्हर ब्रेक थोडा सोडतो आणि गाडी पुन्हा वळते.

भाग घेण्याआधी त्या स्पर्धेचे नियम वाचून घे, काही वर्गांत किमान वजनाची अट असते, हे मालकाला बजावलं. संध्याकाळी सीटा परत बसल्या. मग भिंतीसमोर पाच मीटरवर गाडी लावून हेडलाइटचा झोत खालीवर करून बघितला, कारण उंची बदलली की झोतही बदलतो आणि त्याला रात्री आजवा रोडनं जायचं होतं. शेवटी त्यानं स्वतःच स्टेपनी उचलली, खोबणीत ठेवली, बोल्ट फिरवला आणि विचारलं, "आता पुढचे दोन किलो उतरले ना?"

उतरले होते.