मोर्नच्या लाल त्रोकेशियाला बोंडं धरली

मंडळी, त्रोकेशिया बुतोनियानाच्या कळ्या यंदा जूनमध्ये आल्या आणि टिकल्या. मुळाशी ओल साचली की माझ्याकडे आधी कळ्याच गळतात. हे झुडूप रानात जगात एकाच ठिकाणी उगवतं, मॉरिशसच्या नैर्ऋत्य टोकावरच्या ल मोर्न ब्राबां डोंगरावर. बेसाल्टच्या कड्यावर वाढणाऱ्याला कुंडीतली भुसभुशीत, खतवलेली माती सोसत नाही. म्हणून शेणखत अगदी चिमूटभर ठेवलं आणि बाकी भर काळ्या खडीची घातली.

फुलं गेल्या वर्षीही आली होती, बोंडं मात्र नव्हती. घंटेसारख्या या लाल फुलात मधुरसही लाल असतो आणि तो चाटायला इथली निळ्या शेपटीची हिरवी पाल येते. पराग तीच इकडून तिकडे नेते. या झुडपाची गुलाबी बहीण त्रोकेशिया ब्लॅकबर्नियाना, तिच्यावरचा 2007 चा अभ्यास मी पुन्हा वाचला. व्हाकोआच्या जाळीजवळच्या झुडपांना फळं जास्त धरतात, कारण पाली त्याच्या काटेरी पानांच्या बेचक्यात राहतात आणि तिथे ससाण्यापासून वाचतात. व्हाकोआ म्हणजे आपल्या केवड्याचाच भाऊबंद.

मग कुंड्या उचलून अंगणातल्या जुन्या व्हाकोआला खेटून ठेवल्या. आता उन्हं तापली की पाली येतात, डोकं थेट फुलात खुपसतात आणि परागांनी माखलेलं कपाळ घेऊन शेजारच्या फुलावर जातात. खालच्या फांद्यांवर लवदार बोंडं फुगू लागली आहेत. इतका आनंद मला पहिल्या फुलानेही झाला नव्हता!

1992 पासून हे देशाचं राष्ट्रीय फूल आहे, पण रानाची अवस्था बिकट आहे. पश्चिमेच्या कोरड्या जंगलांत भारतातून आलेली हळदवेल झाडांवर चढून त्यांना गुदमरवते, इतरत्र चिनी पेरू माजलाय. चांगलं मूळचं जंगल बेटावर दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय. त्यामुळे एक विनंती कळकळीने करतो: डोंगरावरची एक फांदीही कलमासाठी तोडू नका, रोपं नर्सरीतूनच घ्या.

बोंडं तडकायच्या आत त्यांना मलमलीच्या पिशव्या बांधणार आहे. अर्धं बी कोमट पाण्यात भिजवून पेरेन, अर्धं तसंच, दोन्ही खडीच्या ट्रेमध्ये. कुणी बी हलकं घासून लावलं असेल तर उगवण कशी झाली ते जरूर सांगा.