ढेलजेतला लॅपटॉप अन् घरभराचा टीव्ही

मागच्या रब्बीत आमच्या फीडरची थ्री फेज, म्हणजे शेतीपंपाची लाईन, रात्रीची होती. म्हणजे बाबा जेवून हरभऱ्याला पाणी द्यायला जे निघायचे ते झुंजूमुंजूलाच परत, आणि सह्याद्रीवरचा शेतीचा कार्यक्रम रोजच हुकायचा. सकाळी चहा पिताना एकच डायलॉग, "काय सांगतलं बे काल?" आता मी काय सांगू, मी तर क्रिकेट पाहत होतो. तिथून हा सगळा उपद्व्याप सुरू झाला, टीव्हीचे कार्यक्रम एकदाच रेकॉर्ड करायचे आणि घरातल्या कोणत्याही टीव्हीवर पाहायचे.

तसा रेकॉर्डिंगवाला बॉक्स आमच्याकडे आधीही होता, पैसेवाल्या डीटीएचचा, कंपनीचं नाव घेत नाही. पण तो ज्या टीव्हीला लावला त्याच टीव्हीवर रेकॉर्डिंग दिसायचं, मागच्या घरातल्या टीव्हीसाठी वेगळा बॉक्स, वेगळं भाडं. २०१९ ला ट्रायचा, म्हणजे टीव्ही-फोनवाल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नवा नियम आला तेव्हा नुसतं चॅनेल पाहायचं नेटवर्क भाडंच १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, त्यात पैसेवाले चॅनेल वेगळे. दुसऱ्या टीव्हीला पुढं सूट आली म्हणा, पण तोवर माझं मन उठलं होतं. खरा संताप झाला तो आजीमुळे. आषाढीची पंढरपूरची महापूजा तिनं रेकॉर्ड करून ठेवलेली, एका महिन्यात सोयाबीनच्या गडबडीत रिचार्ज राहिला, तर जुनं रेकॉर्डिंगसुद्धा उघडेना. आजी म्हणे, "काहून रे बाबू, माहा विठ्ठल कोंडून ठेवला काय त्याईनं?" याच्यावर कस्टमर केअरवाल्यांकडेही उत्तर नव्हतं.

अमेरिकेत चुलत भावाकडे पाहिलं होतं, तिथं २०१२ पासूनच असे बॉक्स आहेत की एक मोठा रेकॉर्डर हॉलमध्ये आणि बाकी खोल्यांत छोटे छोटे डबे, रेकॉर्डिंग एकदाच, पाहा कुठंही. आपल्याकडे तसं सरळ दुकानात मिळत नाही म्हणून मी फ्री डिशवर स्वतःच बनवायचं ठरवलं. फ्री डिश म्हणजे दूरदर्शनचीच, डिसेंबर २००४ ला डीडी डायरेक्ट प्लस नावानं सुरू झालेली, महिन्याचं भाडं शून्य. सिग्नल येतो जीसॅट-१५ या सॅटेलाइटवरून, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. वर्ध्याकडच्या आमच्या आर्वीतून डिश आग्नेयेला आणि चांगलीच वर, साठेक अंशावर बघते, म्हणून समोरच्या कडुनिंबाची अडचण येत नाही. जे लोक डिश आडवी करून झाडात घुसवतात त्यांना सिग्नल का नाही हे मी गावात चार घरी समजावून आलो आहे.

सामान म्हणाल तर स्क्रीन फुटलेला जुना लॅपटॉप, डिशचा सिग्नल लॅपटॉपला देणारे यूएसबी सॅटेलाइट ट्यूनर दोन (घेताना लिनक्स या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो का ते बघूनच घ्या, नाहीतर माझ्यासारखा एक परत पाठवावा लागंल), ट्विन एलएनबी (डिशच्या तोंडाशी सिग्नल पकडणारी डबी, दोन वायरींची), ५०० जीबीची हार्ड डिस्क. लॅपटॉपवर लिनक्स आणि टीव्हीहेडएंड (रेकॉर्डिंग करून घरभर पाठवणारं सॉफ्टवेअर), टीव्हींवर कोडी (ते दाखवणारं). एवढंच.

आता यातली मजेची गोष्ट ऐका, कारण हे कळलं तोवर मी उगाच चार ट्यूनर मागवायला निघालो होतो. ट्यूनर चॅनेल पकडत नाही, ट्रान्सपॉन्डर, म्हणजे सॅटेलाइटवरचा एकेक प्रक्षेपक, पकडतो, आणि एकेका ट्रान्सपॉन्डरवर चॅनेलांचा अख्खा गठ्ठा खाली येतो. एसटी पकडली की आत बसलेले सगळे प्रवासी आलेच ना, तसं. म्हणून एकाच ट्यूनरवर त्या गठ्ठ्यातले तीन-चार चॅनेल एकदम रेकॉर्ड करता येतात, भांडण तेव्हाच जेव्हा पाहिजे ते चॅनेल वेगवेगळ्या गाडीत बसलेले असतात. मी वहीत तक्ता काढला, कोणता चॅनेल कोणत्या ट्रान्सपॉन्डरवर, आणि लक्षात आलं की आमच्या घराचं दोन ट्यूनरमध्ये आरामात भागतं, फक्त वहिनीची सिरियल, आजीचं कीर्तन आणि एखादा सिनेमा तिन्ही तीन गाड्यांत आले की अडचण. तेवढं महिन्यातून एकदा होते, तेव्हा सिनेमा मरतो.

जागा फार लागत नाही. साधा एसडी चॅनेल तासाला जीबी-दीड जीबीच्या आसपास खातो, म्हणजे ५०० जीबीत तीन-चारशे तास.

सॉफ्टवेअर दोन रात्रीत झालं. त्रास झाला तो वायरचा. आमचं घर जुनं, मातीच्या दीड-दीड हात भिंती, वायफाय ढेलजेतून, म्हणजे दाराजवळच्या पुढच्या खोलीतून, निघालं की माजघरातच मरून जाते. मागच्या घरापर्यंत लॅन केबल ओढणं भाग होतं, आणि रस्ता कोठ्यातून, म्हणजे गुरांच्या गोठ्यातून, जिथं घुशी काहीच सोडत नाहीत. पहिली केबल आठ दिवस टिकली. मग बाबांनीच आयडिया दिली, ठिबकच्या जुन्या नळ्यांचा भेला पडलाच आहे, त्यातून घाल. सोळा एमएमची नळी, तिच्यात केबल कनेक्टर लावायच्या आधी ओढायची, नाहीतर टोक अडकते. सुतळीला नट बांधून नळीत सोडला, भाऊ स्लॅपवर नळी उभी धरून उभा, मी खाली, नट अर्ध्यात अडकला की भाऊ वरून झटके देणार. अठ्ठावीस मीटरला अर्धा दिवस गेला. ड्रिपरच्या भोकांवर इन्सुलेशन टेप मारली, कोठ्यात ओल असते म्हणून. वर्ष झालं, घुशीनं नळी कुरतडून पाहिली, सोडून दिली.

दुसरा घोळ लायनीचा. लॅपटॉपला बॅटरी, म्हणून मी समजलो की लाईन गेली तरी रेकॉर्डिंग चालू राहील. नाही राहत. ट्यूनरला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो, आणि तोच वर एलएनबीला केबलमधूनच १३ नाहीतर १८ व्होल्ट पाठवतो, १३ म्हणजे उभा सिग्नल, १८ म्हणजे आडवा. अडॅप्टर बंद म्हणजे एलएनबी आंधळी. लॅपटॉप बिचारा जागा राहून काळी फाईल भरत बसायचा. मी फवारणीच्या पंपाची १२ व्होल्टची बॅटरी काढून ट्यूनरला जोडली, एकदम भारी चाललं, चार दिवस. पाचव्या दिवशी तुरीवर अळी दिसली, बाबा पहाटे बॅटरी पंपात टाकून वावरात, आणि संध्याकाळी वहिनी विचारते, "भाऊजी, माझी सिरियल कुठं आहे?" सिरियल तुरीवर फवारली ना वहिनी, काय सांगू. मग राउटरचा छोटा यूपीएस घेतला, १२ व्होल्टचा, ते आधीच करायचं होतं.

वानरांचं सांगायचं राहिलं. टोळी आली की एखादं डिशच्या दांडीवर झोका घेतेच, आणि दोन अंश डिश हलली की सगळं गेलं. बोरीच्या काट्या दांडीला तारेनं बांधल्या. दिसायला घाण दिसते, डिश म्हणावं की कुंपण. पण तेव्हापासून चाव्या-पाने घेऊन स्लॅपवर चढणं बंद आहे. जोराचा पाऊस आला तर मात्र इलाज नाही, केयू बँडचा, म्हणजे डीटीएच ज्या लहरींवर येते त्यांचा, सिग्नल पाण्याच्या थेंबांत विरतो, कोणतीही डीटीएच असो. आणि मार्चमध्ये काही दिवस सकाळी अकराच्या आगेमागे पाच-दहा मिनिटं चित्र तुटते, तेव्हा सूर्य बरोबर सॅटेलाइटच्या मागे येतो. पहिल्यांदा झालं तेव्हा मी अख्खा कनेक्टर कापून नवीन बसवला होता.

आता घरात तीन टीव्ही, आणि लिस्ट एकच. वहिनी स्वयंपाक होईपर्यंत थांबते आणि मग जाहिराती पळवत पळवत अर्ध्या तासाची सिरियल वीस मिनिटांत संपवते. आजीला कोडी जमत नाही, तिच्यासाठी पहिलंच चित्र विठ्ठलाचं ठेवलं, बटण एकदा दाबलं की या आषाढीची पूजा सुरू, आणि त्याची एक कॉपी पेनड्राइव्हवर, कारण आजीचा आता कोणावरच भरवसा नाही. टाइमरचं एक सांगतो, गाइडमधल्या, म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या वेळापत्रकातल्या, वेळेवर माझा विश्वास नाही, मी सरळ घड्याळाच्या वेळेनं लावतो, आधी पाच मिनिटं, नंतर दहा. दूरदर्शन वेळेवर सुरू होते पण मॅच असली की काही सांगता येत नाही.

डिस्क मात्र भरत आली. पाहिलं तर नव्वद टक्क्यांच्या वर, आणि त्यातलं अर्धंअधिक बाबांचं. शेतीचे कार्यक्रम समजू शकतो, गुलाबी बोंडअळीचा कामगंध सापळ्यांचा भाग तर आमच्या ढेलजेत बसून शेजारच्या तीन घरांनी पाहिला, दोनदा. पण बाबांनी बातम्यांतला हवामानाचा अंदाजसुद्धा रोज रेकॉर्डला लावून ठेवला आहे, आणि एकही डिलीट नाही. मी म्हटलं बाबा, कालचा अंदाज आज पाहून काय करता, तो दिवस तर निघून गेला.

म्हणे, "राहू दे. खरा बोलला का खोटा, ते पाहतो मी."