एकच पत्रिका, चार फायली: थंबनेलमध्ये ओळखू येतील असे आयकॉन

लग्नपत्रिकेचं काम संपलं की फोल्डरमध्ये तिच्या चार फायली उरतात: सीडीआर (कोरलड्रॉची मूळ फाईल), छपाईची पीडीएफ, टिफ आणि व्हॉट्सॲपवर पाठवायची जेपीजी. थंबनेल, म्हणजे फायलींची छोटी चित्रं, लावले की चारही चौकोनांत तोच गणपती, तीच बॉर्डर, तीच नावं. छपाईच्या प्लेटसाठी चुकून जेपीजी जाते ती इथूनच. डीटीपीच्या (संगणकावर छपाईची मांडणी करण्याच्या) अशा फोल्डरांसाठी मी विंडोजवर फाईल-प्रकारांचे आयकॉन केले. त्यात काय जमलं, काय फसलं ते सांगतो.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागली. ज्या फाईलचं आतलं चित्र दिसतं, तिचा आयकॉन थंबनेलमध्ये दिसतच नाही. कोरलड्रॉ टाकलेल्या मशीनवर सीडीआरचं चित्र येतं, टिफ आणि जेपीजीचं विंडोज स्वतःच दाखवतं, फोटोशॉपच्या पीएसडीचं मात्र वेगळं काही टाकल्याशिवाय दाखवत नाही. चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात विंडोज एक छोटा आयकॉन चिकटवतं, पण तो फाईल उघडणाऱ्या प्रोग्रामचा. पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडत असेल तर पत्रिकेवर ब्राउझरचं चिन्ह! म्हणजे कामं दोन झाली: चित्र न दिसणाऱ्या फायलींसाठी पूर्ण आयकॉन आणि चित्र दिसणाऱ्यांसाठी कोपऱ्यातलं चिन्ह. त्याला मी टिकली म्हणतो.

पहिल्या खेपेला प्रत्येक एक्स्टेन्शनला वेगळं चिन्ह काढायला बसलो. तेरा प्रकार, तेरा चिन्हं. कुणाच्याही लक्षात राहणार नाहीत. मग प्रश्नच बदलला: ही फाईल घेऊन माणूस करतो काय? सीडीआर, एआय (इलस्ट्रेटरची), पीएसडी, इनडिझाइन, पेजमेकर या उघडून बदलायच्या. पीडीएफ आणि टिफ छपाईला द्यायच्या. जेपीजी, पीएनजी गिऱ्हाइकाला दाखवायच्या. उरले मजकूर, तक्ता, फॉन्ट आणि झिपचा गठ्ठा. पीडीएफ प्रूफ म्हणूनही जाते हे खरं, पण चुकली तर नुकसान छपाईतच होतं, म्हणून तिला छपाईत ठेवलं.

बदलायच्या फायलींना पेन्सिल, तिरकी. छपाईला रजिस्ट्रेशन मार्क, म्हणजे छापताना रंग एकमेकांवर जुळवायची खूण, वर्तुळात फुली. प्रेसमध्ये तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दाखवायच्या फायलींना आधी डोळा काढला होता. मोठ्या आकारात छान दिसला, १६ पिक्सेलला डोळा आणि रजिस्ट्रेशन मार्क दोन्ही नुसते गोल ठिपके! तिथे उभा मोबाइल घेतला. आडवा डोळा आणि गोल मार्क यांत फरक करायला डोळे ताणावे लागतात, उभा आयत मात्र कडेनेच ओळखू येतो.

कोपरा दुमडलेला कागद हा सगळ्यांचा आवडता साचा, तो फक्त मजकूर आणि तक्त्याला ठेवला. १६ पिक्सेलच्या चौकटीत कागद जेमतेम १२ रुंद बसतो, दुमडलेला कोपरा त्यातले ४ खातो आणि खऱ्या चिन्हाला बोटभरही जागा राहत नाही. शिवाय सगळेच कागद असले तर बाह्याकार एकच, मग ओळखायचं कशावरून? झिपला दोरी बांधलेला गठ्ठा काढला. फॉन्टला आधी ‘अ’ घेतला होता, लहान आकारात त्याची गुठळी झाली. ‘ग’ चालतो: वर शिरोरेघ, उजवीकडे काना, डावीकडे छोटा आकडा. ९ पिक्सेल रुंदीतही सुटा दिसतो.

टिकलीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. पांढऱ्या पत्रिकेवर पांढऱ्या कडेची टिकली विरघळते, काळ्या जाहिरातीवर काळ्या कडेची. उपाय दुहेरी कड: बाहेर गडद रेघ, आत पांढरी. ३२ पिक्सेलला १ गडद आणि २ पांढरी, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून ६ जातात, आत २६ राहतात. १६ ला दोन्ही रेघा एकेक पिक्सेलच्या, आत १२. आता गंमत अशी की १२ ही सम संख्या. त्यात एक पिक्सेल जाडीची फुली मधोमध बसूच शकत नाही, ती अर्ध्या पिक्सेलवर पडते आणि दोन करड्या रेघा होतात. म्हणून १६ च्या मार्कची फुली मुद्दाम २ पिक्सेल जाड ठेवली. बाहेरचं वर्तुळ १० चं, रेघ १ ची, आत ८, त्यातून फुलीचे २ गेले की चारही कोपऱ्यांत ३ बाय ३ च्या खिडक्या. एवढं पुरतं.

एकच मोठं चित्र काढून लहान करत जाणं याच कारणाने फसतं. ४८ च्या चित्रातली २ पिक्सेलची रेघ १६ ला पाऊण पिक्सेलही राहत नाही, नुसती धूसर सावली उरते. मी १६ आणि ३२ स्वतंत्र काढले. २० आणि २४ सुद्धा टाळता येत नाहीत, कारण विंडोजचं स्केलिंग १२५ टक्क्यांवर असेल तर १६ च्या जागी २० लागतो, १५० वर २४. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये ग्रिड १ पिक्सेलचा ठेवायचा आणि १ पिक्सेलची रेघ पूर्णांकावर न ओढता अर्ध्यावर, म्हणजे ४.५ वर ओढायची, कारण रेघेची जाडी मध्यापासून दोन्हीकडे वाटली जाते.

आयसीओ, म्हणजे विंडोजच्या आयकॉन फाईलमध्ये १६, २०, २४, ३२, ४८ आणि २५६ एवढे आकार भरले. लार्ज आयकॉनचा दृश्यप्रकार ९६ पिक्सेलचा असतो, तो २५६ वरून लहान होऊन येतो. २५६ घालायचा राहिला तर मोठ्या चौकोनाच्या मध्यभागी ४८ चा आयकॉन एकटाच बसतो.

रंगांत हुशारी केली नाही. पीडीएफ लाल, तक्ता हिरवा, मजकूर निळा ही सवय लोकांच्या हातात आधीच आहे. फक्त रंगावर भिस्त ठेवायची नाही: लाल (२००, ०, ०) आणि हिरवा (०, १२८, ०), कंसातले आकडे लाल-हिरवा-निळा या क्रमाने, यांच्यातला उजेडाचा फरक जेमतेम १.२ ला १ आहे, म्हणजे करड्या छटांत पाहिले तर जुळी भावंडं. चिन्ह आणि पार्श्वभूमी यांत किमान ३ ला १ हवा. भडक नारिंगीवर (२५५, १५३, ०) पांढरी पेन्सिल घेतली तर २.१ च भरतो, म्हणून नारिंगी उतरवून (१९९, ९१, ०) केला, तिथे तो ४ च्या वर जातो.

अक्षरांचं काय? एक्स्टेन्शन देवनागरीत लिहून पाहिलं. ‘पीडीएफ’ला शिरोरेघेच्या वर वेलांटीची जागा लागते, ‘टीआयएफएफ’ तर टिकलीत मावतच नाही, आणि शिरोरेघेमुळे सगळे शब्द एकाच काळ्या पट्टीसारखे दिसतात. ‘छपाई’चा नुसता ‘छ’ घेतला तर तो आतून भरून जातो. इंग्रजी कॅपिटल मात्र ३ बाय ५ पिक्सेलमध्ये बसतात, तीन अक्षरांना ११ पिक्सेल पुरतात. तरी ४८ च्या खाली अक्षरं घातलीच नाहीत. पीडीएफ आणि टिफ यांची टिकली एकाच आकाराची. लहान आकारात फरक फक्त रंगाचा, लाल आणि जांभळा. दोन्ही छपाईच्याच, त्यामुळे तिथे घोटाळा झाला तरी निभावतं.

हे विंडोजला सांगायचं रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतून. पूर्ण आयकॉनसाठी त्या फाईल-प्रकाराच्या प्रोग-आयडीखाली (तो प्रकार कोणत्या प्रोग्रामशी जोडलाय त्याचं नाव) ‘डिफॉल्टआयकॉन’, टिकलीसाठी ‘टाइपओव्हरले’. टाइपओव्हरलेला डीएलएलमधल्या (आयकॉन साठवलेल्या फाईलमधल्या) आयकॉनचा रिसोर्स क्रमांक द्यायचा. ती किंमत रिकामी ठेवली तर टिकलीच गायब होते, हेही कधी कधी सोयीचं. आधी रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवा. फोल्डर ऑप्शन्समध्ये थंबनेलवर फाईल आयकॉन दाखवण्याची खूण केलेली हवी, नाहीतर सगळं बरोबर असूनही काही दिसत नाही. बदल केल्यावर जुनाच आयकॉन दिसत राहिला तर दोष तुमच्या चित्राचा नसतो, आयकॉन कॅशचा, म्हणजे विंडोजने साठवून ठेवलेल्या जुन्या आयकॉनांचा असतो. ती पुसून एक्स्प्लोरर पुन्हा सुरू करायचा. आणि कुणी ‘ओपन विथ’मधून नेहमीचा प्रोग्राम बदलला की प्रोग-आयडी बदलतो आणि आपला आयकॉन जातो. हे वारंवार होतं.

तपासायला खराखुरा, सरमिसळ फोल्डर घ्या. पांढऱ्या पानावर ओळीने मांडलेले आयकॉन नेहमीच सुरेख दिसतात. फोल्डरचा स्क्रीनशॉट काढा, करडा करा, खुर्ची हातभर मागे घ्या आणि छपाईची फाईल शोधा. जिथे नजर दुसऱ्यांदा फिरवावी लागते तो आयकॉन पुन्हा काढायचा.

एक फरक मात्र आयकॉनने दाखवता येत नाही: कर्व्ह केलेली (अक्षरांचे आकार झालेली, मजकूर बदलता न येणारी) सीडीआर आणि मजकूर बदलता येईल अशी सीडीआर. दोन्हींचं एक्स्टेन्शन एकच. तिथे ‘कर्व्ह’ हा शब्द नावात घालावा लागतो, आणि तोही सुरुवातीला, कारण थंबनेलखाली लांब नावाचं शेपूट कापलं जातं.