तुम्ही विचारलंत म्हणून: अलिबागजवळच्या चौलात पाहायला काय आहे?

"एवढं मोठं बंदर होतं म्हणता, मग दिसत कसं नाही काही?" आमच्या वाडीत उतरलेले पाहुणे शहाळं संपायच्या आत हे विचारतात. सूर असा, की बंदर मीच कुठे लपवून ठेवलंय.

अहो, ९१६च्या सुमारास बगदादचा प्रवासी आणि इतिहासकार मसूदी इथे येऊन गेला. राज्य शिलाहार राजा झंझाचं, त्याच्यावर राष्ट्रकूट सम्राट. दहा हजार मुसलमान गावात राहतात, असं तो लिहितो. इराणच्या सिराफ बंदराचे, ओमान, बसऱ्याचे, शिवाय इथेच जन्मलेले. माल खाडीत उतरायचा, घाट चढून जायचा. ये-जा कुठून दिसणार? वीस वर्षं हेच सांगतोय. लोकांना ती पळवाट वाटते. थोडी आहेच.

घोड्यांचं तर सांगायलाच नको. बहमनी आणि विजयनगर, दोघांनाही घोडदळ हवं, आणि दख्खनच्या हवेत चांगली पैदास होईना. म्हणून जनावर समुद्रावरून यायचं. १४६९च्या आसपास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इराणजवळच्या होर्मुझहून चौलला उतरला तो एक घोडा घेऊन. एकच! जुन्नरला तिथल्या खानानं तो काढून घेतला, मुसलमान झालास तर परत देतो म्हणाला. एका खुरासानी माणसानं रदबदली केली, तेव्हा तो घोड्यासकट सुटला.

आता माझं. पंचवीस वर्षांपूर्वी घरामागे संडासाची टाकी खणताना खापरं निघाली. एकावर निळसर हिरवी झिलई, कडेला पिवळट माती, जाडी बोटभर. मी इतिहासात बीए. गड्यानं विचारलं, "भाऊ, ह्याचं काय करू?" ओसरीवरून वडील म्हणाले, "जोत्यात टाक, भराव कमी पडतोय." घमेलं मी उचललं. मीच ओतलं, वरून धुम्मसही मीच मारला. वडिलांना काय ठाऊक होतं? मला ठाऊक होतं. पुरातत्त्ववाले आले तर काम थांबेल, ही भीती माझी. लग्न ठरलेलं, खोली पावसाआधी उभी राहायला हवी होती.

पुढे एका संग्रहालयात तशीच झिलई काचेमागे दिसली. चिठ्ठीवर इराण. बायको पुढच्या दालनात गेली, मी तिथेच.

एका घमेल्यानं काय बिघडलं, असं वाटतं कधी. मग आळीतली जोती मोजायला लागतो.

पाहुण्यांना आम्ही देतो ती हीच खोली. त्यांना हे सांगत नाही. आणखी एक शहाळं फोडतो.